आमच्या वाचनालयानं एआयबद्दल काय ठरवावं? (मसुदा करतोय, मदत हवी)

ग्रंथपेटी

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय आणि लांबलाय, चहा घेऊनच बसा.

मी तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचा सहकार्यवाह. 'ब' वर्ग, शंभरी ओलांडलेली संस्था, पगारी माणसं मोजकी, बाकी आम्ही हौशी. गेल्या कार्यकारिणीत ठरलं की 'एआयच्या वापराबाबत संस्थेची भूमिका' लेखी असावी. 'तुला कॉम्प्युटर कळतो' म्हणून काम माझ्या गळ्यात. मला कळतं ते एवढंच, की प्रिंटर अडकला की मागचं झाकण उघडायचं.

हे का निघालं ते सांगतो. हिवाळ्यातल्या व्याख्यानमालेत पाहुण्यांचा परिचय करून देणाऱ्या आमच्या एका उत्साही सभासदानं फोनमध्ये नाव टाकलं, पंधरा ओळी आल्या, त्या माइकवर वाचल्या. त्यात पाहुण्यांच्या नावावर दोन जास्तीची पुस्तकं. पाहुणे उठले आणि म्हणाले, "ही दोन पुस्तकं तुमच्याकडे असतील तर जाताना मला द्या, मी अजून वाचलेली नाहीत." सभागृह हसलं. मी सतरंजीची नक्षी बघत बसलो.

तो विनोदावर निभावला. दुसरं प्रकरण तसं नाही. वर्गणीवाढीच्या सभेचं रेकॉर्डिंग आमच्या ग्रंथपालबाईंनी एका ॲपला दिलं आणि इतिवृत्त काढून घेतलं. त्या सभेत आमच्या एका ज्येष्ठ सदस्या स्वच्छ म्हणाल्या होत्या, "माझा विरोध आहे, तसं लिहा." कागदावर आलं, 'सखोल चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' भाषा इतकी गुळगुळीत की तिघांनी सह्या ठोकल्या. त्यातली एक माझी.

तिसरं, शालेय निबंध स्पर्धा. गठ्ठ्यात दर दोन-तीन कागदांआड 'आजच्या धावपळीच्या युगात'. परीक्षकांनी गठ्ठा परत माझ्याकडे ढकललाय.

आता अध्यक्षांना एका ओळीचा ठराव हवाय, 'एआय वापरास सक्त मनाई'. खजिनदार तरुण आहेत, त्यांना धोरणच नकोय. मी गंमत म्हणून एआयलाच धोरण लिहायला सांगितलं. पारदर्शकता, उत्तरदायित्व, समावेशकता, शाश्वतता... चार पानं. वाचनालयाच्या जागी टायरचं दुकान घातलं तरी एक शब्द बदलावा लागणार नाही.

कुणी आपल्या संस्थेत असं काही केलंय का?

चहाबिस्किट

पाहुण्यांना दंडवत! त्या दोन पुस्तकांची नावं द्या की, मलाही राखून ठेवायचीत. हलके घ्या.

आयटीहमाल

ग्रंथपेटी, सक्त मनाईच्या नादाला लागू नका. मनाई केली की लोक वापरायचं थांबवत नाहीत, सांगायचं थांबवतात. उद्या तुमच्या बाई तेच ॲप घरून वापरतील, आणि तुम्हाला कळणारही नाही की कुठला कागद कुठून आला.

त्यापेक्षा आत काय टाकायचं नाही ते आधी ठरवा. आपण सगळे बाहेर काय येतं त्यावर भांडतो आणि आत काय गेलं ते विसरतो. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत चिकटवला आणि मे महिन्यात कंपनीनं सगळंच बंद केलं. आपल्याकडे केंद्रीय अर्थमंत्रालयानं जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयातल्या संगणकांवर असली साधनं नकोत असं बजावलं, कारण तेच, कागदपत्रांची गुप्तता.

तुमच्याकडे कोड नाही, पण सभासदांची यादी आहे, फोन नंबर आहेत, थकबाकीदार आहेत, कोण काय वाचतं त्याची नोंद आहे. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात नाजूक वाटते. एखादी बाई घटस्फोटाच्या कायद्याची पुस्तकं नेत असेल, तर ते तिच्यात आणि ग्रंथपालात.

आणि एक राहिलंच. ते सभेचं रेकॉर्डिंग कुणाच्या सर्व्हरवर गेलं? सभेत बसलेल्यांना विचारलं होतं का?

ग्रंथपेटी

नाही विचारलं. रेकॉर्डिंग चालू आहे हेसुद्धा अर्ध्या लोकांना माहीत नव्हतं. ते माझ्या डोक्यातच आलं नाही, मी 'सर्वानुमते' वरच अडकून बसलो होतो.

काळाकोट

तालुका कोर्टात वकिली करतो, विश्वस्त संस्थांची कामं बरीच येतात, म्हणून दोन शब्द.

ते इतिवृत्त हलक्यात घेऊ नका. उद्या समितीत भांडण झालं, धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्टवर (संस्थेच्या नोंदीतल्या बदलाच्या अर्जावर) हरकत आली, की पहिलं मागतात ते इतिवृत्ताचं पुस्तक. तिथे 'सर्वानुमते' असेल तर त्या बाईंचा विरोध झाला होता हे दाखवणं कठीण जातं. आता खाडाखोड मात्र करू नका. पुढच्या सभेत विषय क्रमांक एक काय असतो? 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' तिथेच दुरुस्ती नोंदवा, बाईंचा विरोध त्यांच्या नावानिशी लिहा आणि मग कायम करा.

बघा, आपल्या जुन्या पद्धतीत सोय होतीच. वाचून कायम करणे. आपण 'वाचून' गाळलं आणि नुसतं कायम करत गेलो. ही सवय एआयच्या आधीची आहे हो. मी अशा किती संस्था पाहिल्यात जिथं मागच्या वर्षीच्या इतिवृत्तात फक्त तारीख बदलतात.

न्यायालयांचं म्हणाल, तर केरळ उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी लेखी धोरण काढलं. निष्कर्ष, आदेश, निकाल यासाठी एआय वापरायचं नाही. भाषांतर केलं तर जाणत्या माणसानं तपासायचं. आणि कुठं, कुठलं साधन वापरलं, कुणी तपासलं याची नोंद ठेवायची. ही नोंदीची गोष्ट तुम्ही उचला.

न्यूयॉर्कची २०२३ ची केस बहुतेकांना ठाऊक असेल. वकिलानं चॅटजीपीटीनं दिलेले निवाडे जसेच्या तसे कोर्टात दाखल केले, ते निवाडे अस्तित्वातच नव्हते, पाच हजार डॉलर दंड झाला. त्यात मला लक्षात राहिलं ते असं, की दोन वकिलांपैकी एकानं संशोधन केलं आणि दुसऱ्यानं न तपासता सही केली. दंड दोघांनाही.

ग्रंथपेटी, तुमच्या तीन सह्यांचं तेच झालंय.

बोरूबहाद्दर

मी गेली काही वर्षं जुनी मासिकं स्कॅन करून मजकूर काढण्याचं काम हौसेनं करतो. तुमच्या वाचनालयात जुने अंक असतीलच, त्यामुळे हा प्रतिसाद जरा लांबवतो.

पूर्वीचं ओसीआर (पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) बावळट होतं. 'खरे' चं 'रवरे' करायचं, 'धन' चं 'घन'. पानभर लाल खुणा करत बसावं लागे, पण चूक डोळ्यात खुपायची. आता एआयला पानाचा फोटो दिला की स्वच्छ मजकूर येतो. पहिल्यांदा मी हरखून गेलो होतो. मग एक दिवस मूळ पान शेजारी ठेवून ओळीवर बोट फिरवत वाचलं. पानावर छापलं होतं, 'तें घर मीं पाहिलें, कांहीं लोक घरांत होते.' पडद्यावर आलं, 'ते घर मी पाहिले, काही लोक घरात होते.'

म्हणजे त्यानं वाचलं नाही, सुधारून दिलं. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ज्या अनुच्चारित अनुस्वारांना रजा दिली, ते सगळे त्यानं परस्पर काढून टाकले. कुणी म्हणेल, बरंच झालं की. बरं नाही झालं. त्या काळी एका घरातलं असलं तरी 'घरांत' लिहीत, आज 'घरांत' म्हणजे अनेक घरांमध्ये. त्या छपाईचा माग घेणाऱ्याला, भाषेचा अभ्यास करणाऱ्याला ते टिंब पाहिजे असतं. आणि एके ठिकाणी तर कसरीनं खाल्लेल्या कोपऱ्यातले तीन शब्दही भरून आले होते! पानावर भोक आहे आणि मजकुरात वाक्य पूर्ण.

जुनी चूक दिसायची, नवी दिसत नाही. तुमच्या इतिवृत्ताचंही तेच झालं असणार. हजारो इतिवृत्तं 'सर्वानुमते मंजूर' नं संपतात, त्यामुळे विरोधाचं वाक्य त्याला भोकासारखं वाटलं असेल. भरून टाकलं.

तेव्हा धोरणात 'तपासून घ्यावे' एवढंच लिहू नका. कशाशी तपासायचं ते लिहा. नुसतं वाचून काही सापडत नाही, ते वाचायला छानच असतं. मूळ कागद शेजारी पाहिजे.

चहाबिस्किट

बोरूबहाद्दर, कसरीच्या पोटातले शब्द परत आणणारं यंत्र! (वाचनखूण साठवली.)

खडूफळा

निबंधांबद्दल बोलतो. चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालो.

पहिली विनंती, ते 'एआयनं लिहिलंय का ओळखणारं' सॉफ्टवेअर लावून मुलांना बाद करू नका. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनंच स्वतःचं असं ओळखयंत्र जुलै २०२३ मध्ये बंद केलं, अचूकता कमी म्हणून. बनवणाऱ्याला ओळखता येईना, तर आपण तालुक्यात बसून काय ओळखणार? आणि 'आजच्या धावपळीच्या युगात' हे वाक्य मुलांनी एआयकडून घेतलं असं समजू नका. ते एआयनं आमच्याकडून घेतलंय. गाईडांतून, आमच्या फळ्यावरून. मी स्वतः ते लिहून दिलंय, कबूल करतो.

एखादं गरीब पोर ज्यानं गाईड पाठ करून प्रामाणिकपणे लिहिलं, त्याला तुम्ही चोर ठरवाल. हे पाप घेऊ नका.

उपाय सोपा आहे. निबंध घरून मागवू नका. रविवारी सकाळी वाचनालयात बोलवा, सतरंज्या अंथरा, दीड तास द्या, विषय तिथेच फळ्यावर लिहा. विषय असा द्या की गावाबाहेरच्याला सुचणार नाही. 'आमच्या एसटी स्टँडवरची दुपार' द्या. कुणी गोळीवाल्याबद्दल लिहील, कुणी सुटलेल्या गाडीमागे धावणाऱ्या आजोबांबद्दल. अशुद्ध लिहितील, पण वाचावंसं वाटेल.

काळाकोट

खडूफळा सरांशी सहमत. एक भर घालतो. त्या निबंधांवर मुलांची नावं, शाळा, जन्मतारखा असतील. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक मूल 'बालक' आहे आणि पालकांची संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बऱ्याच तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होणार आहेत. पण तोवर थांबायचं कशाला? परीक्षकांना मुलांचे कागद फोटो काढून कुठल्याही ॲपमध्ये टाकायला आजच मनाई करा. 'पटकन गुण देऊन दे' म्हणणारा परीक्षक निघतो, मी पाहिलाय.

दूरदेशी

इंग्लंडहून लिहितेय. आमच्या मंडळाच्या अंकासाठी आम्हीही धोरण केलं. सहा पानं. समितीत तीन आठवडे ईमेल. छापलं, आणि मग कुणीही वाचलं नाही, मी धरून. पुढच्याच अंकात एक कविता आली, यमकं अशी चोख की शंका यावी. संपादकांनी कवीला फोन करून विचारलं, 'तिसऱ्या कडव्यातला पारिजातक कुठला?' पलीकडे बराच वेळ शांतता.

अमेरिकेत क्लार्क्सवर्ल्ड नावाचं विज्ञानकथांचं मासिक आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत यंत्रानं लिहिलेल्या कथांचा इतका पूर आला की त्यांना काही दिवस साहित्य स्वीकारणंच बंद करावं लागलं. तुमच्या स्मरणिकेला पूर येणार नाही, पण साहित्य पाठवणाऱ्यांसाठी एक ओळ हवी. लहान धोरण करा. एका पानाच्या वर गेलं तर ते फाइलसाठी असतं.

जुळारी

इतका वेळ वाचतेय, आता राहवत नाही.

सगळे बोलताय ते चुकीबद्दल. चूक झाली, कुणी तपासली, कुणी सही केली. मी डीटीपी करते (संगणकावर छपाईची पानं जुळवते), माझे वडील छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचे. आमच्या गावातल्या एका संस्थेनं गेल्या वर्षी स्मरणिकेचं मुखपृष्ठ एआयवर केलं. वाड्याच्या ओसरीवर पोथी वाचणारी आजी. नऊवारीला काष्टा नाही, आणि पोथीवरची अक्षरं कुठल्याच भाषेतली नाहीत. त्याला सगळे हसले. पण समजा काष्टा नीट आला असता आणि अक्षरंही जमली असती, तर? तर तुमच्या सगळ्या नियमांत ते बसलं असतं. तपासलं, सही केली, नोंद ठेवली.

दरवर्षी ते मुखपृष्ठ काढणारे एक चित्रकार आहेत. शाळेतून निवृत्त. दीड हजार रुपये मिळायचे, आणि प्रकाशनाला पहिल्या रांगेत खुर्ची. यंदा त्यांना कुणी फोनही केला नाही. दीड हजारांनी संस्था श्रीमंत झाली नाही.

जबाबदार वापर म्हणताना ही जबाबदारी कुणाच्या यादीत का नाही?

आयटीहमाल

जुळारीताई, मुद्दा लागला. पण प्रामाणिकपणे विचारतो, हे ठरावात कसं बसवणार? उद्या कुणी म्हणेल डीटीपीनं खिळे जुळवणाऱ्यांची कामं घालवली.

जुळारी

घालवलीच. माझ्या वडिलांची घालवली. म्हणून तर मी डीटीपी शिकले, पण तेव्हा छापखान्याच्या मालकानं त्यांना समोर बसवून सांगितलं होतं की सहा महिन्यांनी खिळे बंद. इथं फोनसुद्धा नाही. मी बंदी मागत नाहीये. ज्याचं काम यंत्राला देताय त्याला आधी विचारा, एवढी ओळ लिहा.

ग्रंथपेटी

दोन दिवस काही लिहिलं नाही कारण लिहीत होतो. हा कच्चा मसुदा, ठरावाच्या भाषेत:

"वाचनालयाच्या नावाने बाहेर जाणारा किंवा दप्तरी राहणारा मजकूर ज्याच्या सहीने वा नावाने आहे, त्याने तो मूळ कागदाशी शक्यतो ताडून पाहावा. सभासदांची वैयक्तिक माहिती, पुस्तक देवघेवीची नोंद, तक्रार अर्ज व विद्यार्थ्यांचे लेखन कोणत्याही एआय साधनात टाकू नये. सभेचे रेकॉर्डिंग उपस्थितांची संमती घेतल्याशिवाय करू नये. इतिवृत्त, ग्रंथखरेदीची अंतिम यादी, स्पर्धेचा निकाल व तक्रारीवरील निर्णय समितीने स्वतः करावा. जुन्या अंकांचा यंत्राने काढलेला मजकूर मूळ पानाच्या चित्रासह ठेवावा व तो तपासलेला आहे की नाही हे त्यावर नमूद करावे. स्मरणिकेसाठी लेखन पाठवणाऱ्याने एआयचा वापर केला असल्यास कळवावे. आजवर मानधन देऊन करून घेतलेले काम यंत्राकडे देण्यापूर्वी संबंधित व्यक्तीशी बोलावे व समितीची मान्यता घ्यावी. एआयच्या वापराची नोंद आवकजावक टेबलावरील वहीत ठेवावी."

टायरच्या दुकानाला आता बसणार नाही असं वाटतं.

काळाकोट

'शक्यतो' काढा. आपल्याकडच्या ठरावांत 'शक्यतो' शब्द आला की तो ठराव तिथेच संपतो.

दूरदेशी

'एआयचा वापर केला असल्यास' म्हणजे किती? ऱ्हस्व-दीर्घ तपासून घेतलं तरी कळवायचं? आमचं भांडण इथेच झालं होतं. आम्ही शेवटी असं केलं, शुद्धलेखन आणि टंकलेखन सोडून. वाक्यं किंवा चित्र यंत्राचं असेल तर सांगायचं.

बोरूबहाद्दर

जुन्या अंकांबद्दल 'तपासलेला नाही' हा शिक्का मोठ्या अक्षरांत मारा. न तपासलेला मजकूरही शोधायला उपयोगी पडतो, मी टाकून देत नाही. पण तो कुणी उद्धृत करू नये. आणि ज्यांचे हक्क अजून आहेत (लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं) त्यांचे अंक सरसकट अपलोड करत सुटू नका.

खडूफळा

भाषेची एक सूचना. 'एआय साधन' म्हणजे काय हे आमच्या वयाच्या सभासदांना कळणार नाही. आता फोनच्या कीबोर्डातही ते असतं. कंसात दोन उदाहरणं द्या.

ग्रंथपेटी

सभा झाली, म्हणून धागा वर आणतोय.

विषय एकवर मागचं इतिवृत्त वाचलं. म्हणजे खरंच वाचलं, अध्यक्षांनी, मोठ्यानं, पंखा बंद करून. ज्येष्ठ सदस्यांचा विरोध नावानिशी नोंदवला. मी सही न वाचता केली होती हे सांगितलं. कुणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं.

ठरावावर दीड तास गेला. 'शक्यतो' गेलं, शुद्धलेखनाची सूट आली, कंसात उदाहरणं आली. खजिनदारांचं म्हणणं, वहीत नोंद ठेवायची तर लोक कंटाळून वापरणार नाहीत. अध्यक्ष म्हणाले, मग उत्तम. ग्रंथपालबाईंनी मात्र चांगला मुद्दा काढला, की वार्षिक अहवाल जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे वेळेत पाठवताना रात्र रात्र जागायला लागतं, तेव्हा कुणी मदतीला येत नाही, आणि यंत्राची मदत घेतली की धोरण आठवतं. त्यावर ठरलं की अहवालाच्या आठवड्यात समितीतले दोघं रोज संध्याकाळी बसतील. एक मी.

जुळारीताईंची ओळ अडली. खजिनदार म्हणाले, हे धोरण नाही, हा जिव्हाळा आहे, ठरावात कशाला. मतदान घ्यावं लागलं. सात विरुद्ध दोन, ओळ राहिली. गंमत म्हणजे दोनातलं एक मत त्याच ज्येष्ठ सदस्यांचं. त्यांचं म्हणणं, 'बोलावे' पुरेसं नाही, मानधन चालूच ठेवा असं लिहा. "माझा विरोध आहे, तसं लिहा," म्हणाल्या, आणि माझ्या खुर्चीमागे उभं राहून मी लिहीपर्यंत बघत होत्या.

चहाबिस्किट

त्या बाईंना माझ्यातर्फे चहा.

जुळारी

ग्रंथपेटी, धन्यवाद. त्या दुसऱ्या विरोधालाही माझं +१.

बोरूबहाद्दर

अवांतर: तुमच्याकडे १९६२ च्या आधीचे कुठले अंक आहेत? यादी असेल तर टाका. कसर लागलेली पानं फेकू नका, आहेत तशी फोटो काढून ठेवा.

ग्रंथपेटी

माळ्यावर दोन पेट्या आहेत, उघडून बघितलेल्या नाहीत. सोमवारी वाचनालय बंद असतं. मंगळवारी शिडी मागवतो आणि फोटो टाकतो.